चैत्रातलं गोंदण

चैत्र लागला की आमच्या भागात यात्रा सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची, परवा एकाच दिवशी तीन गावांची, आणि पाहुण्यानं जावं तरी कुठं कुठं असा प्रश्न पडतो. वारूळवाडीत आमच्या घराच्या गच्चीवर उभं राहिलं की कुठल्या ना कुठल्या दिशेनं भोंगा ऐकू येतोच. बैलगाड्यांच्या शर्यतीचा घाट भरलेला असतो आणि बारी, म्हणजे एकेका गाड्याची धाव, सुटली की तो माइकवरचा माणूस 'भिर्रर्र' असं काही ताणतो की वाटावं, बैलांच्या आधी हाच वर पोचणार. लोकांना त्या आवाजानं हुरूप येतो. मला घाम फुटतो. मी खाली येते, खिडक्या लावून घेते आणि घासलेली भांडी परत घासायला काढते. घरातले म्हणतात, हिचं यात्रेशी काय वाकडं आहे देव जाणे. वाकडं काही नाही. एका चैत्रात माझी बहीण डिंगोऱ्याच्या घरात, आतल्या खोलीत पाठीवर पडून हाच भोंगा ऐकत होती, आणि तिचे पाय राहणार की जाणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

आक्का माझ्यापेक्षा बरीच मोठी. आमचं माहेर आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या अलीकडं. लग्न करून ती जुन्नर तालुक्यात गेली, डिंगोऱ्याला, आणि तिथल्या मातीत अशी काही रुतली की माहेरी येऊन दोन दिवस झाले की तिला करमेनासं व्हायचं. बसलेली आक्का मी फार कमी वेळा पाहिली. जेवतानासुद्धा ती एक गुडघा उभा ठेवून बसायची. कुणी भाकरी मागितली तर चटकन उठता यावं म्हणून. चालण्यात तिला गाठणारा माणूस आमच्या दोन्हीकडच्या नात्यात नव्हता. नव्वदच्या दशकात मी जुन्नरला डी.एड. करत होते. शनिवारी तिच्याकडं जायचे. रविवारी परतीची एसटी चुकली की माझा चेहरा पडायचा आणि तिचा खुलायचा. "चल की चालत फाट्यापतुर. एस्टीची वाट बघायला आपून काय म्हातारं झालो का?" असं म्हणत ती माझी पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवून पुढं व्हायची. मी मागून पळत. तिच्या टाचा भेगाळलेल्या होत्या, आणि चालताना त्या भेगांत लाल माती भरलेली दिसायची. मला तेव्हा त्या टाचांची लाज वाटायची, कारण कॉलेजातल्या मैत्रिणी सोबत असायच्या कधी कधी. आता कुणाच्या टाचा तशा दिसल्या की मी बघत राहते.

तिच्या छातीतली गाठ काढून झाली त्याला काही वर्षं उलटली होती. आम्ही सगळे सुटल्यासारखे झालो होतो. मग दोन हजारचं दशक सरत आलं असताना, एका माघात, तिची पाठ धरली. कांदा काढणीचे दिवस जवळ आलेले. पाठ कुणाची धरत नाही त्या दिवसांत? दाजी म्हणाले वाकून वाकून झालं असंल. शेजारणीनं पाठ बसवणाऱ्याचं नाव सांगितलं. एका डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, दुसऱ्यानं पट्टा दिला. पट्टा बांधून आक्का कांद्याच्या वाफ्यात. कुणाला काही सुचायच्या आत फाल्गुन उजाडला आणि एके दिवशी ती मला फोनवर म्हणाली, "सुमे, डावा पाय दुसऱ्याच्या मालकीचा झाल्यावानी वाटतुया गं." मी वर्गात उभी होते. समोर मुलं पाढे म्हणत होती. 

पुण्यातल्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्यापेक्षाही लहान असतील. त्यांनी फोटो उजेडापुढं धरला आणि बोट ठेवून दाखवलं. मणक्याचं हाड, त्यात गाठ, आणि हाडाच्या मागून जाणारा मज्जारज्जू, म्हणजे पायांना हुकूम पोचवणारी वाट. गाठ त्या वाटेला टेकत आली होती. टेकून दाबायला लागली की पाय जाणार, आणि एकदा गेलेले पाय परत येतीलच असं नाही. ऑपरेशन आक्काला झेपलं नसतं. जुन्या पद्धतीनं किरण द्यायचे तर ते गाठीसोबत रज्जूलाही लागतात, म्हणून बेतानं द्यावे लागतात, आणि बेतानं दिले की ही गाठ ऐकेलच याची खात्री नाही. आता नवं यंत्र होतं. ते चारी बाजूंनी फिरत गाठीवर मारा करतं आणि रज्जूच्या आधी हात आवरतं. "किती आधी?" मी विचारलं. बाईंनी जरा विचार केला. "तांदळाचा दाणा आडवा धरला तर त्याची जाडी असते ना, साधारण तेवढं," त्या म्हणाल्या.

आमच्याकडं किरणोपचाराला 'शेक' म्हणतात. शेक म्हटलं की डोळ्यांसमोर तव्यावर गरम केलेलं फडकं येतं, विटेचा तुकडा येतो, बाळंतिणीची खाट येते. आमची सगळी मापं तशीच, ऐसपैस. मूठभर, वीतभर, बोटभर. पेरताना अंदाज, मीठ टाकताना अंदाज, पाऊस कधी येणार याचा अंदाज. आणि इथं तांदळाच्या दाण्याची जाडी.  दाजींनी विचारलं, "मॅडम, आन् त्या वक्ताला हिनं खोकलं तर?" बाई हसल्या नाहीत, याचं मला आजही बरं वाटतं. त्या म्हणाल्या, "म्हणूनच आम्ही आधी साचा करतो."

त्या दिवशी आक्काला एका पिशवीवर झोपवलं. आत बारीक दाणे भरलेली मोठी गादीसारखी पिशवी. तिच्यातली हवा ओढून घेतली की ती दगडासारखी घट्ट होते आणि माणसाच्या पाठीचा, खांद्यांचा, मांड्यांचा ठसा धरून ठेवते. दर वेळी त्याच ठशात निजायचं. मग भिंतीतून लाल उजेडाच्या रेघा अंगावर पाडल्या, आणि जिथं त्या एकमेकींना छेदतात तिथं शाईनं फुल्या काढल्या. एक पोटावर, दोन बरगड्यांच्या बाजूंना. वरून पारदर्शक चिकटपट्टी. आक्का बाहेर आली ती पदर सारखा करत, गाल फुगवून. "मेंढरागत खुना केल्यात गं माज्यावर. आता वाड्यात सोडायचं तेवढं ऱ्हायलं." मी हसले. दाजी हसले नाहीत. आम्हाला सांगितलं गेलं की तेल लावायचं नाही, साबण घासायचा नाही, खुणा जपायच्या. आतला हिशेब, म्हणजे कुठल्या कोनातून किती मारा, हे ठरवायला आठवडा तरी लागणार होता. तोवर घरी. पाय जड झाला, लघवीला त्रास झाला, तर लगेच यायचं.

तो आठवडा. मला अजून कळत नाही की आठवड्याला नेमके किती दिवस असतात. माझ्या शाळेत वार्षिक परीक्षा चालू. मी पर्यवेक्षण करत वर्गात फेऱ्या मारायचे आणि मधल्या सुट्टीत चिंचेखाली जाऊन फोन लावायचे. "बोटं हालत्यात का?" एवढाच प्रश्न. पलीकडून उत्तर यायचं, "हालत्यात की." कधी त्यात वैताग असायचा, कधी दया, आणि एकदा नुसता श्वास ऐकू आला आणि मग उत्तर. त्या एका श्वासावर मी सगळी दुपार काढली. परीक्षेतली मुलं पेन चावत माझ्याकडं बघायची, बाई इतक्या कडक का दिसतात म्हणून. ऊन असं की पत्र्याखाली पेपरांना हात चिकटायचे. आक्का आतल्या खोलीत लोखंडी खाटेवर उताणी. घाम पाठीखाली साचायचा, बरगड्यांवरून ओघळायचा. चिकटपट्टीचे कोपरे सुटले. शाई पसरून चोळीच्या कापडाला लागायला लागली. हे तिनं मला सांगितलं नाही. मी विचारतच होते फक्त बोटांबद्दल.

आणि त्यातच डिंगोऱ्याची यात्रा आली. यात्रेला डॉक्टरचं वेळापत्रक कळत नाही. पाहुणे आले, पुरण शिजलं, चुलीपुढं दाजींच्या आई एकट्या. मी त्यांना मावशी म्हणते. ज्या घरात यात्रेदिवशी आक्का पाच चुली सांभाळायची, त्या घरात येणारा प्रत्येक पाहुणा आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी उभा राहून म्हणायचा, "कसं हाय आता?" आणि आक्का म्हणायची, "बरं हाय. जेवून जावा." घाटातून भोंगा ओरडत होता. तिथं सेकंदाच्या तुकड्यावर निकाल ठरत होते आणि तुकड्याच्या तुकड्यावरून भांडणं होत होती. आक्का पुढं मला म्हणाली की त्या दिवशी प्रत्येक बारीला तिनं डाव्या पायाची बोटं हलवून बघितली. बारी सुटली की हलवायची, बारी पुरी झाली की थांबवायची.

परीक्षा संपली त्याच दुपारी मी एसटीनं डिंगोऱ्याला गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे पुण्याला निघायचं होतं. आक्का बरी दिसत होती, म्हणजे आजारी माणूस वेणी घातली की बरं दिसतं तशी. मी खुणा बघायला तिचा पदर बाजूला केला आणि माझा हात तिथंच राहिला.

शाईच्या फुल्या नव्हत्या. तिथं हिरवट काळं गोंदण होतं. भोवतालची कातडी लाल, सुजलेली. आणि नुसती फुली नाही. फुलीच्या चार कोनांत चार टिंबं.

"हे काय?" मी म्हणाले. नंतर ओरडून म्हणाले, "हे कुणी केलं?"

मावशी दारात आल्या. "आगं, वरडू नको. जत्रंत गोंदनारीन आल्ती. समदं चाललं व्हतं घामानं पुसून. मंग काय बघत बसायचं का? डाक्टरनी सांगितलं व्हतं ना, खुना जपा म्हून?"

"जपा म्हणजे गोंदा?"

"मंग आनिक कशानं जपत्यात? शाई काय टिकती व्हय? गोंदान टिकतं. सोनंनानं हितंच ऱ्हातं, मानसासंगं गोंदान तेवढं जातं."

"मावशी, आत्ता जायच्या गोष्टी कशाला?" माझा आवाज इतका चढला की ओट्यावरचे दाजी आत आले.

चार टिंबांचं कारणही मावशींनीच सांगितलं. गोंदणारीण म्हणाली, नुसती फुली मी गोंदणार नाही, फुली म्हणजे खोडल्याची खूण, बाईमाणसाच्या अंगावर खोडल्याची खूण कुणी गोंदतं का? चार टिंबं दिली की तिचा चौक होतो, मग बाधत नाही. आणि उजव्या बाजूची फुली तर जवळजवळ गेलीच होती, ती तिनं डावीकडं बघून अंदाजानं काढली. अंदाजानं! तांदळाच्या दाण्याची जाडी, आणि अंदाजानं! मी कपाळाला हात लावून खाटेच्या कडेला बसले. मावशींवर इतका राग आला होता की त्यांच्या हातचं पाणीसुद्धा मी घेतलं नाही.

तेव्हा आक्का बोलली. "त्यांना नगं बोलू. मीच म्हनले गोंद म्हून." आणि मग छताकडं बघत, "सुमे, मी पुसलेली खून घिऊन ग्येले असते आन् त्यांनी म्हनलं असतं, पुन्यांदा आठ दिस थांबा, तर? माज्याकडं आठ दिस न्हाईत. पाय सांगतुया मला."

मी पदर परत तिच्या अंगावर ओढला.  मी दवाखान्यात फोन लावला, तिथल्या मुलीनं ऐकून घेतलं, गोंदण हा शब्द दोनदा विचारला आणि म्हणाली, उद्या घेऊन तर या.

जीप सांगितली होती. मागच्या सीटवर गोधड्या घालून आक्काला आडवी केली, तिचं डोकं माझ्या मांडीवर. डिंगोऱ्यावरून गणेशखिंड, जुन्नर, नारायणगाव. मग मंचर, खेड. या रस्त्यानं मी आयुष्यभर गेले आहे आणि त्यावर एवढे गतिरोधक आहेत हे मला त्या दिवशी कळलं. प्रत्येक उंचवट्याआधी दाजी पुढून म्हणायचे, "हळू रं, हळू," आणि ड्रायव्हर म्हणायचा, "भाऊ, याच्यापेक्षा हळू म्हंजी थांबनंच." आक्काचे डोळे मिटलेले. मी तिच्या पायांकडं बघत होते. चादरीखाली डाव्या पायाची बोटं हलतात का, की जीपच्या धक्क्यानं हलल्यासारखी वाटतात? मंचरला भाजीचे टेम्पो आडवे आले आणि आम्ही अडकलो. हॉर्न, धूळ, कोथिंबिरीचा वास. आक्का डोळे न उघडता म्हणाली, "हालत्यात. बघू नको सारखी."

डॉक्टरीणबाईंनी गोंदण बघितलं. बराच वेळ बघितलं. मग यंत्रावर काम करणाऱ्या माणसाला बोलावलं, त्यानंही बघितलं. मी त्या दोघांचे चेहरे वाचत होते, आणि डॉक्टरांचे चेहरे वाचणाऱ्या नातेवाइकाला जे नेहमी दिसतं तेच मला दिसलं, म्हणजे काहीच नाही. बाईंनी सुजेवर बोट ठेवून पू नाही ना ते पाहिलं. "दुखतंय?" आक्का म्हणाली, "न्हाई." बाई म्हणाल्या, "खरं सांगा." आक्का म्हणाली, "गोंदल्यावर दुखनारच की."

मग बाई माझ्याकडं वळल्या आणि मी ज्याची तयारी करून आले होते ते काहीच बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या की या खुणा फक्त माणसाला साच्यात सरळ निजवायला असतात. त्यांच्या भरवशावर कुणी किरण सोडत नाही. माणूस एक घास जास्त जेवला तरी पोटाची कातडी सरकते. म्हणून दर वेळी आधी आतल्या हाडाचा फोटो काढायचा, तो पहिल्या फोटोवर ठेवून ताडायचा, आणि टेबल केसभर इकडं, केसभर तिकडं करून मणका जागेवर आणायचा. कातडी कुठंही गेली तरी हाड खोटं बोलत नाही.

मी खुर्चीत मागं टेकले. रात्रभराचा राग, भीती, मावशींशी झालेली खडाजंगी, सगळं त्या एका वाक्यात निकालात निघालं. सुटलो, असं दाजींकडं बघून मी म्हणणार, एवढ्यात बाई म्हणाल्या, "पण मला गोंदणाची काळजी नाहीये. पायाची आहे." त्यांनी आक्काच्या डाव्या तळपायाला हात लावून ढकलायला सांगितलं होतं, आणि आक्कानं ढकललं होतं, आणि ते पुरेसं नव्हतं. गाठ या आठवड्यात पुढं सरकली असेल तर सगळा हिशेब नव्यानं करावा लागणार होता. दाण्याएवढी फट उरली असेल तर ठीक. नसेल तर वेगळा विचार. म्हणजे आम्ही आदल्या दुपारपासून कातडीवरच्या चार टिंबांना भीत होतो आणि जे भ्यायचं ते दोन बोटं आत, निमूट वाढत होतं. माणसाला दिसतं त्याची भीती आधी वाटते. मला तेव्हा माझाच राग आला, पण रागानं करायला काही उरलं नव्हतं.

आक्काला पुन्हा फोटोसाठी नेलं. बाहेरच्या बाकावर मी आणि दाजी. दाजींनी खिशातून तंबाखूची डबी काढली, भिंतीवरची तंबाखूबंदीची पाटी वाचली, परत ठेवली. परत काढली.  ते एकदम म्हणाले, "मी तिला म्हनलं व्हतं, एवढा कांदा झाला की जाऊ दवाखान्यात." मी म्हणाले, "कांद्यानं काही झालेलं नाही, दाजी." ते म्हणाले, "म्हाइती हाय." आणि मान खाली घालून रडले, आवाज न करता, धोतराच्या सोग्यात. त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं आणि कुठं बघावं मला कळेना.

दार उघडलं. बाई स्वतः आल्या. "जागा आहे अजून. कमी झालीये, पण आहे. हिशेब रात्रीतून बदलून घेतो, उद्याच सुरू करू."

भोसरीत चुलतभावाची खोली होती. जुन्नर-आंबेगावच्या प्रत्येक घराची एक खोली भोसरीत असतेच, तशी आमचीही. तिथून रोज दवाखाना. आक्का त्या कडक साच्यात शिरायची, हात डोक्यावर घ्यायची, आणि मग जाड दार बंद व्हायचं. त्या दारामागं ती एकटी. जन्मभर एक गुडघा उभा ठेवून जेवलेली बाई, आणि तिला सांगितलेलं की हलू नकोस. नाकावर माशी बसली तरी नाही. एकदा मला यंत्रावरच्या माणसानं दारातून पडदा दाखवला. पडद्यावर आक्का चिमुकली दिसत होती. यंत्राचा हात तिच्याभोवती सावकाश फिरत होता. आवाज नाही, उजेड नाही, काहीच घडत नव्हतं, आणि त्या काहीच न घडण्यात तिचे पाय अडकलेले होते. मी माझा श्वास धरून ठेवला, जणू माझ्या श्वासानं तिचा मणका सरकला असता.

बाहेर आली की मी विचारायचे, काय वाटलं? "काय वाटायचंय? ना ऊन, ना वारा." पण शेवटच्या दिवशी, जीपची वाट बघताना, ती आपणहून म्हणाली, "सुमे, तुला गंमत सांगू? मी तितं रोज चालत व्हते."

"कुठं?"

"मनात गं. डिंगोऱ्यातनं निगायचे. गनेशखिंड चढायचे, जुन्नरच्या बाजारातनं जायचे, तितनं घोडेगावचा रस्ता. म्हायेराच्या वड्यापतुर ग्येलं की यंत्र बंद. येक दिस लई बिगीबिगी चालले तर वड्याच्या पल्याड जाऊन आईच्या दारात हुबी ऱ्हायले, तरी तेचं आपलं चालूच. मंग दारातच बसले."

मी तिच्याकडं बघितलं. ती खरंच दमल्यासारखी दिसत होती.

पुढचे दिवस वाईट गेले. बाईंनी बजावलं होतं की दुखणं आधी उसळेल, मगच बसेल. ते असं उसळलं की आक्का चादरीचं टोक दातांत धरून पडायची. मावशी तिच्या उशाशी बसून पंखा घालायच्या. त्यांच्या हातचं पाणी मी घ्यायला लागले होते. त्या मला विचारायच्या, "जितलं ना गं त्या शेकानं?" आणि मी म्हणायचे, कळेल. कधी कळेल? दोन-तीन महिन्यांनी. पेरलेलं आठ दिवसांत वर येतं अशी सवय असलेल्या माणसांना दोन-तीन महिने नुसतं बघत बसायला सांगणं म्हणजे शिक्षाच. रोजचा माझा फोन, रोजचा तोच प्रश्न. वैशाख गेला. ज्येष्ठात एका सकाळी माझ्या प्रश्नाआधीच आक्का म्हणाली, "आज चप्पल पायातनं निसटली न्हाई." मी म्हणाले, म्हणजे? "म्हंजी पायानं धरून ठिवली गं." त्या दिवशी शाळेत जाताना मी रस्ता सोडून बांधावरून गेले, आणि मोठ्यानं हसले, आणि एका म्हशीनं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

श्रावणात ती भिंत धरून ओट्यापर्यंत आली. गणपतीत भिंत सोडली. दिवाळीच्या आसपास बांधावर उभी राहून कांद्याच्या रोपांवरून दाजींना बोलली, म्हणजे बरी झाली. पुण्याला नेलं तेव्हा फोटोत गाठ तिथंच होती पण निपचित, आणि तिच्यात न् रज्जूत फट. बाईंनी ओझं उचलायला बंदी घातली. आक्कानं मान डोलावली आणि गावी येऊन पाण्याची कळशी उचलली. मी रागावले तर म्हणाली, "कळशी म्हंजी वझं व्हय?" तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्यानंतरच्या दोन चैत्रांत तिच्या घरी यात्रेला मी जेवले. चुलीपुढं तीच होती. दोन्ही वेळा मी पोटभर जेवले नाही, कारण मी तिच्या पायांकडंच बघत होते.

तिसऱ्या वर्षी ते दुखणं लिव्हरमध्ये आलं. यावेळी बाईंनी फोटो उजेडापुढं धरला नाही. त्यांनी खुर्ची आक्काच्या जवळ ओढली आणि तिचा हात हातात घेतला. मणका मात्र साफ, त्या म्हणाल्या, तिथं काही नाही. आम्ही घरी आलो. मी रजा टाकून डिंगोऱ्यालाच राहिले. आक्का दिवसेंदिवस पिवळी होत गेली, अन्न तुटलं, आवाज बारीक झाला. बाहेर वैशाखाचं ऊन, आंब्याखाली कैऱ्या पडायच्या त्याचा धप्प आवाज.

एका सकाळी मी तिचं अंग पुसत होते. दाजी दारात. ती म्हणाली, "मला हुबी करा."

"कशाला, आक्का? झोप ना."

"झोपायचंच हाय. हुबी करा."

मी दाजींकडं बघितलं. तिच्यात काही उरलं नव्हतं, दोघांनी उचलली तर वाळलेल्या कणसाएवढी हलकी. दाजींनी एका बगलेत हात घातला, मी दुसऱ्या. तिचे पाय खाटेवरून खाली आले. तळवे जमिनीला टेकले. सारवण थंड होतं, तिनं बोटं पसरली, मग आवळली. मला तिच्या काखेतला ताप लागत होता. 

"सोडा," ती म्हणाली.

"पडशील," दाजी म्हणाले.

"न्हाई पडत. सोडा हात."

आम्ही हात सोडले. आक्का उभी राहिली.